गुळाचा ड्रायव्हर

“आणखी एक दहाची चढव,” आबा म्हणाले.

मी दहा किलोची गुळाची ढेप उचलली आणि राघूच्या ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली. तिथं आधीच तीस-तीसच्या दोन ढेपा मांडी घालून बसल्या होत्या, त्यांच्यावर दहाची एक. ही तिच्या शेजारी. सगळ्यांच्या डोक्यावर गुळाचे किलोकिलोचे चार छोटे रवे. आबा मागं सरले आणि डोळे बारीक करून त्या ढिगाकडं बघत राहिले.

“चौऱ्याऐंशी. झाला कमलाकर इंगवले तयार.”

“तुझ्यापेक्षा देखणा झालाय,” दस्तगीरचाचा म्हणाले. “शिवाय गोड. रविवारी ह्यालाच पाठव, तू बस घरी.”

“पहिल्या वळणालाच मुंग्या लागतील त्याला.”

“तुला काय कमी लागल्यात?”

राघू म्हणजे आमची दोन दारांची, दोन माणसांची विलायती गाडी. आबांच्या तरुणपणी त्यांच्या हाती आली तेव्हाच ती जुनी होती. रंग कच्च्या कैरीचा, नाकाचा शेंडा खाली वळलेला, म्हणून आईनं तिला राघू म्हटलं. आई गेली तरी नाव राहिलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचा स्प्रिंगा वळायचा छोटा कारखाना होता. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, झोपाळ्यांच्यासुद्धा. कॉलेज संपल्यावर मी तिथंच रमले. लालभडक तारेचं वेटोळं तेलात उतरताना जो चर्र आवाज होतो, त्यानं मला दुसरीकडं कुठं जाऊच दिलं नाही.

त्या दिवशी राघूची चार चाकं चार वजनकाट्यांवर उभी होती. काटे चाचांचे. चाचा गूळबाजारातले अडते, आबांचे शाळेतले दोस्त. गुळाचा हंगाम ऐन भरात असताना त्यांनी काटे आणि ढेपा टेम्पोत घालून आणल्या होत्या. गाडीचा भार चारी चाकांवर बेतशीर पडला, की ती डावीउजवी सारखीच वळते. पण ड्रायव्हर एका अंगाला, उजवीकडं बसतो. म्हणून त्याच्या वजनाचं काहीतरी सीटवर ठेवायचं आणि मगच स्प्रिंगांखालच्या आट्यांच्या कड्या वरखाली फिरवून भार जुळवायचा. दुसरीकडं लोक वाळूची पोती ठेवत असतील. आमच्याकडं पौषात गुळाएवढं हाताशी काय असणार?

“आबा, तुम्हीच बसा की,” मी गाडीखालून म्हटलं. “माणूस असताना गूळ कशाला?”

“मग काटे कोण वाचणार? तू खाली. आणि ह्या दस्त्याला चष्मा लावून हत्ती दिसत नाही.”

“दिसायचा की,” चाचा म्हणाले. “पूर्वी चांगला दिसायचा.”

मी डोकं बाहेर काढून बघितलं. आबा चाचांकडं बघत होते, चाचा आपल्या काट्याकडं. मला वाटलं, काट्याचं काहीतरी बिनसलंय.

*

कर्नाटकाच्या हद्दीजवळ एका माळावर लढाईच्या काळातली धावपट्टी होती. विमानं कधीच गेलेली, गवत आणि भेगा राहिलेल्या. दरवर्षी जानेवारीतल्या एका रविवारी जुन्या गाड्यांचे वेडे तिथं जमायचे. रिकामे पिंप ठेवून वळणं आखलेली असायची, एकेक गाडी एकटी सोडायची. नियम एकच आणि तो मोडायचा नाही. गाडी घरापासून स्वतःच्या चाकांनी आली पाहिजे, पळाली पाहिजे आणि स्वतःच्या चाकांनी परत गेली पाहिजे. ट्रकवरून आणलेल्या गाडीला तिथं चहासुद्धा कुणी विचारत नसे.

आदल्या वर्षी राघू शेवटच्या वळणाला, पाण्याच्या पडक्या टाकीपाशी, भिंगरीसारखा फिरला आणि गवतात शेपूट घालून उभा राहिला. वळण उजवं होतं. लोक हसले. आबाही हसले आणि घरापर्यंत गाडी अगदी हळू चालवत आले. दारात उतरताना म्हणाले, “वैजू, ह्याचे पाय बदलायचे. तो टाकीचा फेरा मला एकदा नीट मारायचाय. एकदा मारला की बास.”

म्हणून आम्ही राघूचे पाय बदलले. मागचे थकलेले स्प्रिंगपाटे काढले, चारी कोपऱ्यांना आमच्याच भट्टीतल्या नव्या स्प्रिंगा बसवल्या. जुने गळके शॉकप गेले, फिरकीच्या एकेका खटक्यानं मऊ-कडक होणारे नवे आले. रबराचे बुश मी स्वतः कातले. गणित अवघड होतं ते इतकंच, की धावपट्टीवर गाडी झुकता कामा नये आणि कागलच्या रस्त्यावर माणसाची हाडं खिळखिळी होता कामा नयेत. एका हातानं कडक करायचं, दुसऱ्या हातानं मऊ. ह्यावर आमची रोज भांडणं.

आणि त्या वर्षी भांडणं उलटी झाली होती. नेहमी कडक मागणारे आबा मऊ मागायला लागले होते. चाचणीला एकटेच जायचे. मी दार उघडायला गेले तर म्हणायचे, “शेजारी कुणी बसलं की मला गाडी कळत नाही.” पन्हाळ्याच्या रस्त्यानं जाऊन यायचे, शेडमध्ये गाडी उभी करायचे आणि आतच बसून राहायचे. काच वर. कपाळावर घाम, अंगात आईनं विणलेला तो जाडा स्वेटर. मग काच खाली.

“मागं अजून दोन खटके मऊ कर.”

“आबा, ही शर्यतीची गाडी आहे. पाळणा नाही.”

“मी म्हणतो ना. कर.”

मी करायचे. कानाजवळ माशी घोंघावावी तसं काहीतरी माझ्या डोक्याभोवती फिरत होतं. हात मारावा तर उडून जायचं.

*

काट्यांवरून उतरल्यावर राघू डाव्या वळणाला पाण्यासारखा वळू लागला. उजव्याला नाही.

“उजवीकडं घेतलं की तो पाय उचलतोय,” आबा म्हणाले. “उजवं चाक जमिनीला नीट टेकतच नाही. तू कड्या घट्ट केल्यास का?”

“केल्यात.”

“परत बघ.”

मी परत बघितलं. आमची मोजायची एक बांबूची पट्टी होती, सुरीनं खाचा पाडलेली. चाकाच्या वर, मडगार्डच्या कडेपर्यंत ती उभी धरायची आणि खाच वाचायची. गूळ सीटवर ठेवला की डावी-उजवी खाच बरोबर. आबा चक्कर मारून आले आणि आत बसून असले, की उजवी बाजू एक खाच वर. ते उतरले, मी गूळ ठेवला, परत बरोबर! मला वाटलं चालताना कडी सरकतेय. मी कडीवर खडूची रेघ ओढली. रेघ हलली नाही. वाटलं स्प्रिंग बसतेय. स्प्रिंग काढून दुसरी घातली. वाटलं काटाच खोटा आहे. चाचांना तसं म्हटलं, तर ते चिडले.

“पोरी, माझ्या काट्यावर अख्खा बाजार चालतो.”

“मग कोण खोटं बोलतंय? गूळ?”

चाचांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. “गूळ कशाला खोटं बोलेल,” म्हणाले आणि गिऱ्हाईक खोळंबलंय असं सांगून निघून गेले.

त्या आठवड्यात माझा जीव एका जागी ठरेना. जेवताना मध्येच उठून शेडमध्ये जायचे. भट्टीपाशी उभी राहून तार वळतेय आणि नजर राघूवर. आईची एक सवय मला लागली होती. हाताला काम आणि मनाला घोर असला, की ती आपल्याच पदरच्या ओव्या जोडायची. त्या चालीवर माझ्याही तोंडी आलं:

राघू चढला तोलाला, तोल धरितो गुळाचा
कोन्या काट्यानं मोजू मी, भार माझिया बापाचा

म्हणून झालं आणि मीच दचकले. असं का आलं तोंडी? तेव्हा कळलं नाही. पाना उचलून मी परत गाडीखाली सरकले.

*

शनिवारी दुपारी आबा जेवले म्हणजे दोन घास चिवडले आणि शेडमधल्या बाकावर आडवे झाले. तासाभरानं उठले. राघूत बसून म्हणाले, “हॉर्न दबका वाजतोय, ऐक.” ते हॉर्न वाजवत होते आणि मी सवयीनं पट्टी हातात घेऊन मागच्या चाकापाशी वाकले. उजवी बाजू. एक खाच वर.

गाडी चाललीच नव्हती. जागची हललीसुद्धा नव्हती. मग कडी सरकेल कशानं?

“वाजतोय ठीक,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला.

आबा घरी गेले. मी शेडचं दार लोटलं आणि गूळ परत सीटवर रचला. पट्टी धरली. बरोबर. मग वरचा एक किलोचा रवा काढून जमिनीवर ठेवला. पट्टी धरली. दुसरा काढला. मग दहाची एक ढेप. खाच थोडी सरकली. मग दहाची दुसरी. मी वाकले, पट्टी टेकवली, अंगठ्याचं नख खाचेत घातलं.

हीच. आबा बसल्यावर दिसते तीच खाच. सीटवर तीसच्या दोन आणि किलोचे दोन रवे उरले होते.

मी जमिनीवरच्या ढेपांकडं बघत राहिले. एवढा मोठा बाप माझ्या डोळ्यांदेखत जमिनीवर काढून ठेवला होता, आणि मी स्प्रिंगा बदलत बसले होते. स्वेटर. बंद काचा. जास्त मऊ, आणखी मऊ. पट्ट्याला पाडलेली नवी भोकं मी बघितली होती. चामडं ताणलंय म्हणाले होते. सगळं मी बघितलं होतं.

दार करकरलं. चाचा काटे न्यायला आले होते. त्यांनी सीटवर बघितलं, जमिनीवर बघितलं आणि दारातच थांबले.

“कधीपासून?” मी विचारलं.

“वैजू...”

“चाचा, कधीपासून?”

“दिवाळीपासून.” ते भट्टीच्या कट्ट्यावर टेकले. “पोटात गाठ आहे. मिरजेचे डॉक्टर म्हणतात कापून काढू, उशीर नको. मीच नेलं होतं. ह्यानं मला शपथ घातली. म्हणतो, ऑपरेशननंतर मी गाडीत बसेन का नाही कुणी सांगावं? आधी टाकीचा फेरा, मग मिरज.”

“आणि तुम्ही ऐकलंत?”

“तुझ्या बापानं आजवर माझं काय ऐकलंय, ते मी त्याला ऐकवू?” चाचांचा आवाज चिरकला. “ढेपा मांडायच्या आधी चौऱ्याऐंशी धर म्हणाला, तेव्हा मी त्याच्याकडं बघितलं होतं. असं बघितलं त्यानं, की मी आपला ढेपा उचलायला लागलो.”

मी भिंतीतल्या खिळ्यावरची राघूची चावी काढून मुठीत घेतली. “उद्या गाडी निघणार नाही.”

“नकोच निघू दे,” चाचा म्हणाले. “मीही तेच म्हणतो. घे चावी. पण मग सोमवारी तो मिरजेला येणार नाही. त्याला मी ओळखतो. रुसून बसेल आणि रुसण्यातच...”

चावीचे दात तळव्यात रुतत होते. चावी ठेवून घेतली तर आबा घरी राहतील आणि माझ्याशी कधी खरं बोलणार नाहीत. चावी दिली आणि कड्या तशाच ठेवल्या, तर राघू उद्या टाकीपाशी पुन्हा पाय उचलेल. आणि ह्या वेळी गवतात थांबेल याची हमी कोण देणार? तिसरी वाट एकच होती. खऱ्या वजनावर गाडी जुळवायची. पण मग पहिल्याच उजव्या वळणाला आबांना समजणार होतं की मला समजलंय. आबांच्या हाताला राघूचं सगळं कळायचं.

“चाचा,” मी म्हटलं, “जॅक घ्या. काटे लावू.”

“कशावर जुळवायची?”

“आहे त्यावर.”

उतरत्या उन्हात आम्ही दोघांनी राघूला परत तोलावर चढवलं. सीटवर तीसच्या दोन, किलोचे दोन. चाचा काटे वाचत होते, मी खालून कड्या फिरवत होते. मध्येच त्यांचा आकडा अडायचा, मी वाट बघायचे. मग नाक ओढल्याचा आवाज यायचा आणि आकडा.

*

रविवारी सकाळी आबा ड्रायव्हरच्या सीटवर, मी त्यांच्या शेजारी. ह्या वेळी त्यांना नाही म्हणता आलं नाही. धावपट्टीवर हत्यारं घेऊन माणूस लागतोच. चाचा टेम्पोनं मागून यायचे होते. धुकं होतं. उसानं भरलेल्या ट्रॉल्या डुलत साखर कारखान्याकडं चालल्या होत्या. उद्यमनगरातून बाहेर पडेपर्यंत सगळी वळणं डावी. मी हातातला रुमाल पिळत होते.

मग हायवेला लागायचं ते मोठं उजवं वळण आलं. आबांनी घेतलं. राघू जमिनीला चिकटून, आईच्या कडेवरच्या लेकरासारखा निमूट वळला.

आबांनी पुढं जाऊन गाडी बाभळीखाली घेतली. इंजिन चालूच.

“कड्यांना हात लावलास.”

“लावला.”

“किती धरलंस?”

मी समोरच्या ट्रॉलीकडं बघितलं. “बासष्ट.”

ट्रॉली गेली. तिच्यामागून दुसरी आली, तीही गेली.

“साठ,” आबा म्हणाले. “मिरजेच्या काट्यावर साठ भरलं. दोन किलो ह्या स्वेटरचे आणि बुटांचे.”

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू.

“मला कधी सांगणार होतात?”

“फेरा मारून झाल्यावर.”

“आणि तोवर गुळाला सांगत होतात.”

“गूळ काय उलटून विचारत नाही गं.” त्यांनी स्टिअरिंगवर अंगठा फिरवला. “तुला सांगितलं असतं, तर तू चावी काढून घेतली असतीस.”

“घेतली होती काल. मुठीत होती.”

“मग?”

“मग काय? राघू उजवीकडं वळत नव्हता. ते आधी करणं भाग होतं.”

आबांनी माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. गालांची हाडं, हनुवटी, डोळ्यांखालच्या खोबणी, सगळं उजेडात होतं. आता त्यांनी काही लपवलं नव्हतं आणि मी काही न बघितल्यासारखं केलं नाही.

“परत फिरव म्हणशील तर फिरवतो,” ते म्हणाले. “आज तुझं ऐकतो.”

आजवर हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं झाली, अजून कधी कधी वाटतं, तेव्हा फिरवा म्हटलं असतं तर? मी खाली उतरले. चारी शॉकप हातानं चाचपले. परत येऊन बसले आणि दार ओढून घेतलं.

“उद्या मिरज,” मी म्हटलं.

“उद्या मिरज.”

“सबबी नकोत.”

“अगं, सांगितलं ना. बस नीट, निघू दे.”

माळावर वारं सुटलं होतं. गवत एका अंगाला झोपलेलं, पिंपांवर धूळ. आबांचा नंबर येईपर्यंत मी शॉकप कडक केले, परत एक खटका मऊ केले, परत कडक केले. शेवटी चाचांनी माझ्या हातातली पकड काढून घेतली. “अगं, आता त्याला त्याच्या हवाली कर.”

झेंडा पडला. राघू सुटला. पहिलं डावं, दुसरं डावं, मग उजवं, झुकला नाही. धावपट्टीच्या टोकाला जाऊन तो हिरवा ठिपका झाला आणि परत मोठा होत टाकीकडं आला. मी श्वास धरला नव्हता, तो आपोआपच थांबला होता. आबांनी ब्रेक मारला, नाक खाली दबलं, गाडी उजवीकडं कलली, आणि चारी चाकं, मी मोजली, चारीच्या चारी जमिनीवर ठेवून राघू त्या पडक्या टाकीला वळसा घालून आला. कसलाही थाट नाही. पाट फोडल्यावर पाणी वाफ्यात शिरतं, तसं वळण. लोकांनी टाळ्यासुद्धा उशिरा वाजवल्या, कारण बघण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

चाचा माझा दंड आवळून धरत म्हणाले, “वळला गं! वळला बेटा!”

रेघ ओलांडून आबांनी गाडी एका कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. माणसं धावली. कुणी बॉनेटवर थाप मारली, कुणी नव्या स्प्रिंगा बघायला वाकलं. आबा स्टिअरिंगवर हात ठेवून हसत होते, मान डोलवत होते. पण दार उघडत नव्हते. मी काचेपाशी गेले.

“ह्यांना जरा लांब कर,” ते हळू म्हणाले.

मी चाचांकडं बघितलं. चाचा लगेच मोठ्यानं ओरडले, “चहा आलाय रे! टेम्पोत गूळ आहे, ज्याला पाहिजे त्यानं ढेप फोडा!” गर्दी हसत तिकडं वळली.

आम्ही दोघंच राहिलो. मी दार उघडलं. आबांचा स्वेटर घामानं भिजला होता आणि ओठ पांढरे पडले होते. राघू ठेंगणा, त्यातून उठायचं म्हणजे पायात बळ लागतं.

“हात दे गं,” आबा म्हणाले.

मी हात दिला. ते पोटावर एक हात दाबून अर्धवट उठले, थांबले. आणि मग त्यांनी स्वतःला सावरायचं सोडून दिलं, आणि दिवाळीपासून एकट्यानं धरून ठेवलेला आपला सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला. मी पाय रोवले.

“पेलतंय का?” त्यांनी माझ्या कानाशी विचारलं.

“टाका,” मी म्हटलं. “अजून टाका.”